वाढणारे हात

प्लेट जांभळी असते. सहा गोल खळगे, प्रत्येकाच्या तळाशी पेशींचा एकपदरी थर, आणि त्यावर क्रिस्टल व्हायोलेटचा रंग. जिथे पेशी टिकल्या तिथे रंग धरतो. जिथे विषाणूने त्या मारल्या तिथे रंग धरायला काही उरलेलंच नसतं, म्हणून पांढरी भोकं दिसतात, टाचणीच्या डोक्याएवढी. त्यांना प्लाक म्हणतात. प्लेट उजेडाकडे धरायची, मागच्या बाजूने प्रत्येक भोकावर मार्करचा ठिपका द्यायचा आणि मोजत जायचं. मध्येच कुणी हाक मारली की आकडा विसरायला होतो, मग पुन्हा पहिल्यापासून. आयुष्यातली चार-पाच वर्षं मी अशी भोकं मोजण्यात घालवली आहेत. घरच्यांना ते कधी नीट समजावता आलं नाही.

लॅबमध्ये दिवसभर एकच प्रश्न असायचा, “किती वाढला?” कुणी नाव घ्यायचं नाही, सगळ्यांना माहीत असायचं. फ्लूचा विषाणू. आज औषध घालून वाढला का, काल न घालता किती वाढला होता, शेजारच्या टेबलवर त्याच कुपीतला जास्त कसा वाढला. हे क्रियापद इतकं तोंडात बसलं होतं की त्यातली गंमत मला फार उशिरा कळली. मराठीत वाढणं दोन प्रकारचं असतं. एक, मूल वाढतं ते. दुसरं, कुणीतरी कुणाच्या तरी पानात वाढतं ते. विषाणू वाढतो असं आपण पहिल्या अर्थाने म्हणतो. पेशीत घडत असतं ते बरंचसं दुसऱ्या अर्थाने. पेशी वाढते, म्हणून तो वाढतो.

त्याच्याकडे स्वतःचं असतं तरी काय? इन्फ्लुएंझा ए विषाणूचा सगळा जनुकीय संसार म्हणजे आरएनएचे ८ तुकडे, मिळून साधारण १३,५०० अक्षरं. त्यातून निघणारी प्रथिनं दहा-पंधरा. ज्या पेशीत तो शिरतो तिच्याकडे प्रथिनं सांगणारी सुमारे २०,००० जनुकं. विषाणूजवळ प्रथिन बांधायचं यंत्र नाही, ऊर्जा तयार करायची सोय नाही, अंगावरचं वेष्टणसुद्धा पेशीच्या पातळ पटलातून कापून घेतलेलं. आयत्या बिळावर नागोबा, असं कुणीही म्हणेल. मला ती म्हण इथे थोडी तोकडी वाटते. नागोबा बिळात फक्त राहतो. हा मुंग्यांना कामाला लावून त्यांच्याकडून आणखी नागोबा घडवून घेतो.

कच्चा माल तो पेशीचा वापरतो हे आम्ही कॉलेजातच शिकलो होतो. माझ्या डोक्यात तोवर न शिरलेली गोष्ट वेगळी होती. तो पेशीच्या बातम्याही वापरतो. बाहेर काय चाललंय, आता वाढायचं की थांबायचं, जगायचं की मरायचं हे पेशीला आतल्या आत कळवणारी प्रथिनांची जी साखळी असते, तिच्यावर हा कान लावून बसतो. नुसता बसत नाही, त्यात आपलेही निरोप सोडतो.

या साखळीतलं मुख्य काम इतकं साधं आहे की पहिल्यांदा ऐकताना अविश्वास वाटतो. एक प्रथिन दुसऱ्या प्रथिनाला फॉस्फेटचा एक छोटा गट चिकटवतं. बस. टिकली लावावी तसं. टिकली लागली की त्या प्रथिनाचा आकार किंचित बदलतो, आणि ते जागं होतं, किंवा गप्प होतं, किंवा उठून दुसरीकडे जातं. टिकली लावणाऱ्या प्रथिनांना कायनेज म्हणतात. माणसात ती पाचशेहून जास्त आहेत. टिकली काढणारी वेगळी. एडविन क्रेब्ज आणि एडमंड फिशर यांनी १९५०च्या दशकाच्या मध्याला स्नायूंमध्ये साखर कशी मोकळी होते ते शोधताना हा प्रकार उकलला आणि त्यांना नोबेल मिळालं १९९२मध्ये. एवढा वेळ का लागला याचं एक कारण असं असावं की सुरुवातीला तो एका एन्झाइमचा किरकोळ स्वभाव वाटला होता. पुढे कळलं की पेशीचा निम्मा संसार टिकल्यांवर चालतो.

आमच्या लॅबचं लाडकं कायनेज होतं ईआरके. इंग्रजी अक्षरं सुटी न म्हणता सगळे त्याला सरळ ‘अर्क’ म्हणायचे. रॅफ मेकला टिकली लावतो (हीही कायनेजच), मेक अर्कला, आणि अर्क पुढे शेकडो प्रथिनांना. पेशीला बाहेरून वाढीचा निरोप आला की हीच साखळी तो आत पोचवते. मराठीत एखाद्या बेरकी माणसाला ‘अर्क आहे अगदी’ म्हणतात, आणि हे प्रथिन त्या नावाला जागतं. सगळ्यांशी ओळख, सगळीकडे ये-जा, आणि कोणाच्या बाजूचं ते शेवटपर्यंत सांगता येत नाही.

फ्लूच्या विषाणूची एक अडचण आहे. तो बहुतेक आरएनए विषाणूंसारखा पेशीच्या रसात प्रती काढत नाही, केंद्रकात जाऊन काढतो. आत प्रती तयार झाल्या की त्या न्यूक्लिओप्रोटीन नावाच्या प्रथिनात गुंडाळून केंद्रकाबाहेर आणायच्या, आणि मग पेशीच्या कडेला न्यायच्या, जिथे नव्या विषाणूची बांधणी होते. आता प्रश्न वेळेचा. गाठोडी लवकर बाहेर आली तर कडेला वेष्टण तयार नाही, आणि आतल्या प्रतीही पुरेशा झालेल्या नाहीत. मग बाहेर पडायची वेळ झाली हे आतल्यांना सांगणार कोण?

अर्क सांगतो. म्हणजे असं, की विषाणूचं हिमॅग्लुटिनिन हे प्रथिन पेशीच्या पृष्ठभागावर जाऊन साचायला लागतं. पुरेसं साचलं की पटलाजवळचं प्रोटीन कायनेज सी जागं होतं, तिथून रॅफ, मेक, अर्क अशा टिकल्या लागत निरोप आत उतरतो, आणि केंद्रकातली गाठोडी बाहेर पडू लागतात. कडेवरचं वेष्टण तयार आहे ही बातमी विषाणूच्या कुठल्याही प्रथिनाने आत नेलेली नाही. पेशीच्याच तारेवरून ती गेली. १३,५०० अक्षरांत निरोप्या लिहायला जागा नव्हती, म्हणून त्याने पेशीचा निरोप्या घेतला. हे पहिल्यांदा वाचलं त्या रात्री मला नीट झोप लागली नव्हती. शास्त्रात काम करणाऱ्यांना अशा रात्री फार मिळत नाहीत.

२००१मध्ये जर्मनीतल्या संशोधकांनी दाखवलं होतं की मेकला गप्प करणारं यू०१२६ हे रसायन दिलं की गाठोडी केंद्रकातच अडकतात आणि विषाणूचं उत्पादन घटतं. आमच्याकडे हा प्रयोग नव्याने आलेल्या प्रत्येकाला करायला लावत, हात बसावा म्हणून. न्यूक्लिओप्रोटीनला हिरवा चमकणारा रंग लावायचा आणि अंधाऱ्या खोलीत मायक्रोस्कोपला डोळा लावायचा. संसर्गाला आठ-नऊ तास झालेली साधी पेशी पाहिली तर हिरवा रंग सगळीकडे पसरलेला, कडेपर्यंत. यू०१२६ दिलेली पेशी पाहिली तर मधोमध एक हिरवा गोळा, आणि भोवती काळोख. सगळं तयार होऊन आत बसलेलं. निघायचा निरोपच आला नाही.

यानंतर माझ्या फजितीची गोष्ट येते. हाच प्रयोग मी प्लाक मोजून केला आणि मला शंभरपट घट मिळाली. इतरांना दहापटीच्या आसपास मिळायची. मी अर्थातच हवेत. आकडे वहीत लाल पेनाने लिहिले, खाली दोन रेघा मारल्या, आणि मॅडमना दाखवायला नेले.

त्यांनी आकड्यांकडे बघितलंच नाही. “पेशी बघितल्यास का गं?” एवढंच विचारलं.

“कुठल्या पेशी?”

“विषाणू न घातलेल्या. नुसतं औषध घातलेल्या.”

बघितल्या नव्हत्या. जाऊन बघितल्या. त्या पेशी छान बसल्या असल्या की एकमेकींना खेटून, फरशी घातल्यासारख्या दिसतात. माझ्या खळग्यात त्या आकसून गोल झालेल्या, निम्म्या तळ सोडून वर तरंगत होत्या. यू०१२६ पाण्यात नीट विरघळत नाही, म्हणून ते डीएमएसओमध्ये विरघळवून घ्यावं लागतं. आणि मी पातळ करताना एक शून्य खाल्लं होतं. पेशींना ०.५ टक्क्याऐवजी ५ टक्के डीएमएसओ मिळालं होतं. तेवढ्यात कुठल्याही पेशी आजारी पडतात. विषाणू घटला होता खरा. पण औषधाने त्याचा निरोप अडवला म्हणून नाही, वाढणारे हातच गळाले होते म्हणून. घर पेटवून दिलं आणि पाहुणा गेला म्हणून खूश झाले, असा प्रकार.

मॅडम रागावल्या नाहीत. म्हणाल्या, “विषाणू मारणं सोपं आहे गं. पेशी मारली की झालं.” आणि आपल्या कामाला लागल्या. मला ते वाक्य टोमण्यासारखं लागलं होतं. ते टोमण्याइतकंच निरीक्षणही होतं, हे पुढे कळत गेलं, कारण या विषयात ज्याला हात लावावा ते पेशीच्या गरजेचंच निघतं.

मरणाचंच बघा. विषाणू शिरलाय हे लक्षात आल्यावर पेशीकडे एक टोकाचा मार्ग असतो, स्वतःला संपवणं. कारखानाच बंद केला की माल निघत नाही. फ्लूच्या विषाणूचं एनएस-१ हे प्रथिन यावर उतारा म्हणून पीआय-थ्री-के नावाच्या प्रथिनाच्या एका भागाला जाऊन चिकटतं. २००६मध्ये हे स्पष्ट झालं. पीआय-थ्री-के जागं झालं की पेशीत ‘इतक्यात मरू नकोस’ असा निरोप फिरतो. बिचारी पेशी ऐकते. संसर्गाच्या उत्तरार्धात मात्र मरणाच्या वाटेवरच्या कॅस्पेज एन्झाइमांचा विषाणूला उपयोगच होतो, कारण ती केंद्रकाची दारं सैल करतात आणि गाठोड्यांना बाहेर पडायला सोपं जातं. आधी थांब म्हणायचं, काम उरकत आलं की चल म्हणायचं. एकच पेशी, एकच रात्र.

एनएफ-कॅपा-बीची तऱ्हा याहून विचित्र. हे प्रथिन म्हणजे पेशीची धोक्याची घंटा. एरवी ते बांधून ठेवलेलं असतं. आत परका आरएनए सापडला की बांधणाऱ्या प्रथिनाला टिकली लागते, ते नष्ट केलं जातं, आणि सुटलेलं एनएफ-कॅपा-बी केंद्रकात जाऊन दाह निर्माण करणारी आणि विषाणूला रोखणारी जनुकं चालू करतं. तेव्हा ते बंद पाडलं तर विषाणूची चंगळ व्हायला हवी. २००४च्या सुमारास लोकांनी करून बघितलं तर उलटंच. घंटा बंद केलेल्या पेशीत फ्लूचा विषाणू नीट वाढेना. वर सांगितलेली कॅस्पेज एन्झाइमं जागी व्हायलाही एनएफ-कॅपा-बीच लागतं, असं निघालं. कुंपणच शेत खातं म्हणतात, त्यातला हा प्रकार. फक्त कुंपणाला ते ठाऊक नाही. ॲस्पिरिन भरपूर मात्रेत दिली तर ही घंटा दबते आणि पेशींमध्ये विषाणूही कमी निघतो, हे २००७मध्ये दाखवलं गेलं. (ताप आला म्हणून कुणी ॲस्पिरिनच्या गोळ्या खाऊ नयेत; फ्लू झालेल्या मुलांना तर ती देऊच नये, राय सिंड्रोम या मेंदू आणि यकृताच्या गंभीर आजाराचा धोका असतो.)

इंटरफेरॉनबद्दल एवढं लिहिलं गेलंय की मी भरभर पुढे जाते. १९५७मध्ये लंडनला ॲलिक आयझॅक्स आणि जाँ लिंडेनमन यांनी कोंबडीच्या अंड्यातल्या पटलाला मारलेला फ्लूचा विषाणू दाखवला, आणि त्या पटलातून पाझरलेल्या कशाने तरी ताज्या पटलाचंही रक्षण होतं हे ओळखलं. संसर्ग झालेली पेशी शेजारणींना सावध करते, जॅक आणि स्टॅट या प्रथिनांच्या साखळीतून तो निरोप आत जातो आणि शेकडो बचावाची जनुकं उघडतात. या निरोपाचं वजन किती, ते मला वेरो पेशींनी शिकवलं. १९६२मध्ये जपानमध्ये आफ्रिकेतल्या एका माकडाच्या मूत्रपिंडापासून ही जात तयार झाली. तिच्यात इंटरफेरॉनची काही जनुकंच गळालेली आहेत, त्यामुळे ती हाक मारू शकत नाही आणि कितीतरी विषाणू तिच्यात मोकाट वाढतात. ‘हा विषाणू फार वेगाने वाढतो’ असं कुणी म्हणालं की तेव्हापासून मी विचारते, कुणात?

सर्दीच्या ऱ्हायनोव्हायरसचंही तेच. तो नाकातल्या ३३ अंशांच्या आसपास जोमाने वाढतो आणि शरीराच्या आतल्या ३७ अंशांवर रेंगाळतो. वर्षानुवर्षं समज असा की हा विषाणूचा स्वभाव, त्याला गारवा मानवतो. २०१५मध्ये उंदरांच्या श्वासनलिकेतल्या पेशींवर केलेल्या कामात दिसलं की ३७ अंशांवर पेशींचा इंटरफेरॉनचा निरोप जास्त जोरदार जातो. विषाणू ओळखणारी प्रथिनं काढून टाकली तर तोच विषाणू ३७ अंशांवरही चांगला वाढतो. म्हणजे आवडनिवड विषाणूची म्हणून जी सांगत होतो, तिच्यात पेशीच्या आवाजाचा मोठा वाटा होता.

लहान बाळांच्या छातीला छळणाऱ्या आरएसव्ही या विषाणूने तर दारात उभं राहूनच निरोप सोडायचं तंत्र साधलंय. त्याचं एफ प्रथिन पेशीच्या पृष्ठभागावर वाढीचे निरोप झेलणाऱ्या एका रिसेप्टरला, आयजीएफ-१-आरला, धरतं. त्याने एक कायनेज जागं होतं, आणि केंद्रकात राहणारं न्यूक्लिओलिन नावाचं प्रथिन उठून पृष्ठभागावर येतं. आणि नेमकं तेच न्यूक्लिओलिन विषाणूला आत शिरायला हवं असतं. २०२०मध्ये हे छापून आलं तेव्हा सगळं जग दुसऱ्याच विषाणूत बुडालं होतं, त्यामुळे लॅबच्या बाहेर फारसं कुणाच्या कानावर गेलं नसावं. बेल वाजवली आणि घरमालक स्वतः किल्ली घेऊन खाली आला.

तो दुसरा विषाणू, सार्स-कोव्ह-२, त्याच वर्षी टिकल्यांच्या हिशेबाने तपासला गेला. संसर्ग झालेल्या पेशीत कुठल्या प्रथिनांवर फॉस्फेट वाढला आणि कुठून उतरला याची यादीच केली गेली. पी-३८ नावाचं ताणाचं कायनेज चढलेलं, सीके-२ हे आणखी एक कायनेज चढलेलं, आणि पेशींना बोटांसारखे लांब फाटे फुटलेले, त्या फाट्यांवर विषाणू. त्या प्रतिमा मी पुन्हा पुन्हा उघडून पाहिल्या. पेशीच हात लांब करून वाढते आहे असं वाटायचं.

मग औषध पेशीलाच का देऊ नये, हा विचार इथून निघतो आणि तो मोहात पाडणारा आहे. विषाणूवर नेम धरला की तो सरकतो. अमांटाडीन जातीची फ्लूवरची जुनी औषधं अमेरिकेत २००५-०६च्या हंगामात एच३एन२ या फ्लूच्या प्रकारावर जवळजवळ निकामी ठरली, ९० टक्क्यांहून अधिक नमुने दाद देईनात. २००८-०९मध्ये तेव्हाच्या मोसमी एच१एन१ या प्रकाराने ओसेल्टामिव्हीर या औषधाला तशीच पाठ दाखवली. एखादं अक्षर बदललं की त्याचं भागतं. पेशीच्या मेकचं जनुक मात्र त्याच्या हातात नाही, त्याला तिथे अक्षर बदलता येत नाही. मेक अडवणारं औषध नव्याने शोधायचीही गरज नाही. ट्रामेटिनिब २०१३पासून मेलानोमा या कर्करोगासाठी वापरात आहे आणि प्रयोगशाळेत ते फ्लूच्या विषाणूलाही खाली आणतं.

कोविडच्या काळात हा मार्ग निदान अर्धा चालून बघितला गेला. बॅरिसिटिनिब हे संधिवाताचं औषध जॅक अडवतं, म्हणजे इंटरफेरॉनचाही निरोप त्यात सापडतो. तरी रुग्णालयातल्या आजारी माणसांमध्ये त्याने मृत्यू कमी केले. डेक्सामेथासोन या दाह दाबणाऱ्या स्टिरॉइडने व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांचे मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने घटवले, पण ज्यांना ऑक्सिजनही लागत नव्हता त्यांना काही फायदा दिसला नाही. पहिल्या दिवसांत जो निरोप जीव वाचवतो तोच दहाव्या दिवशी फुप्फुस जाळत असतो. गोळी तीच, तारीख वेगळी. आणि रुग्ण दारात येतो तेव्हा तो नेमका कितव्या दिवसात आहे, हे त्यालाही सांगता येत नसतं. म्हणून पेशीवरच्या औषधांबद्दल कुणी फार उत्साहाने बोलू लागलं की माझ्या डोळ्यांसमोर गोल होऊन तरंगणाऱ्या पेशी येतात.

लॅब सोडण्याआधीचा शेवटचा प्रयोग विषाणूशिवाय केला होता. प्लाक मोजायला आम्ही वापरायचो त्या एमडीसीके पेशी, १९५८मध्ये मेडिन आणि डार्बी यांनी कॉकर स्पॅनियल कुत्र्याच्या मूत्रपिंडातून काढलेल्या. त्यांचा थर तळाला पूर्ण बसू द्यायचा आणि पिपेटच्या टोकाने त्यावर एक सरळ ओरखडा काढायचा. मग दर काही तासांनी फोटो. ओरखड्याच्या कडेच्या पेशी पुढे सरकायला लागतात, त्यांच्यामागच्या, त्यांच्याही मागच्या. २००४मध्ये याच पेशींमध्ये दाखवलं गेलंय की जखमेच्या कडेपासून जागा झालेला अर्क लाटेसारखा मागे मागे पसरत जातो. निघा, जागा भरायची आहे, असा निरोप पेशींच्या रांगेतून जातो. फ्लू होऊन गेल्यावर श्वासनलिकेच्या सोललेल्या अस्तराला पुन्हा झाकायचं काम पडतं, तेव्हाही मागच्या पेशींना सरकायला आणि वाढायला सांगणाऱ्यांत हाच अर्क असतो.

मी दोन खळगे ठेवले होते. या वेळी डीएमएसओ दोन्हींत सारखं, ०.५ टक्का, तीनदा मोजून. एकात नुसतं तेच, दुसऱ्यात त्याच्याबरोबर यू०१२६. दुसऱ्या दिवशी सकाळी पहिल्या खळग्यात ओरखडा कुठे काढला होता ते शोधावं लागलं. दुसऱ्यात पेशी अगदी निरोगी होत्या, खेटून, फरशीसारख्या. ओरखडा मात्र जवळजवळ तसाच होता. दोन्ही काठांवर त्या थांबलेल्या होत्या, आणि मधली पट्टी रिकामी.